कायटोसन : गुण, उपयोग आणि मर्यादा

करमाळा तालुक्यातील जेऊरच्या परिसरात उजनीच्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. घड उतरविल्यानंतरही फळाचे श्वसन थांबत नाही. कापलेले केळे काळे पडते, साठवलेले शेंगदाणा तेल खवट होते. या दोन्ही बदलांच्या मुळाशी प्राणवायूशी होणारी क्रिया, म्हणजे ऑक्सिडीकरण असते. ही क्रिया मंदावणाऱ्या पदार्थांत कायटोसनची गणना होते.

कायटोसन कसे तयार होते?

कोळंबी व खेकडा यांच्या कवचात कायटिन असते. कवचातील चुना व प्रथिने काढून टाकून त्यावर तीव्र दाहक सोड्याची प्रक्रिया केली असता कायटोसन मिळते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने टाकाऊ कवचाच्या अशा उपयोगाचे तंत्र विकसित केले आहे.

गुण कशामुळे येतो?

ऑक्सिडीकरणात मुक्त मूलके नावाचे अस्थिर कण निर्माण होतात व ते पेशींना इजा करतात. कायटोसनमधील अमिनो व हायड्रॉक्सिल गट या कणांना निष्प्रभ करतात; तसेच क्रियेस चालना देणारे लोह व तांबे बांधून ठेवतात. फळावर त्याच्या सौम्य आम्लातील द्रावणाचा लेप दिल्यास पातळ पापुद्रा तयार होतो, प्राणवायूचा शिरकाव घटतो व पिकणे लांबते.

आरोग्यासाठी उपयोग

जखमेतील रक्तस्राव थांबविणाऱ्या पट्ट्यांत कायटोसन वापरले जाते. दररोज ३ ग्रॅम सेवनाने रक्तातील कोलेस्टेरॉल योग्य प्रमाणात राखण्यास मदत होते, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली मान्य केले. वजनावरील परिणाम मात्र अल्पच आढळतो. प्रयोगनळीत दिसलेला गुण शरीरात तितकाच उतरेल असे नाही. कारण मोठ्या रेणूंचे कायटोसन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते.

दक्षता

१. पिकांसाठी विकले जाणारे कायटोसन औषध म्हणून कधीही घेऊ नये.
२. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय सेवन करू नये.
३. फळांवर लेप देण्यापूर्वी कृषी विद्यापीठाची शिफारस विचारावी.

मधुमेह वा हृदयविकाराचे चालू औषध बंद करून या भुकटीवर विसंबणे धोक्याचे आहे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी समजावून सांगावे.