जीन रीस : उपेक्षेचा काळ आणि उशिरा आलेले यश

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास :
• जीन रीस यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• त्यांचा जीवनानुभव आणि ‘वाइड सारगासो सी’ ही कादंबरी यांतील नाते स्पष्ट करता येईल.
• साहित्यकृतीच्या अभ्यासात लेखकाचे चरित्र कोठपर्यंत उपयोगी पडते, याविषयी मत मांडता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, लेखकाचे जीवन खडतर असले की त्याचे साहित्य थोर होते, असे विधान आपण अनेकदा ऐकतो. हे विधान तपासून घेतले पाहिजे. दुःख अनेकांच्या वाट्याला येते. त्यातील फारच थोडे जण कादंबरी लिहितात. मग जीवनानुभवाचे साहित्यात रूपांतर होते ते कशामुळे? वयाच्या शहात्तराव्या वर्षी कीर्ती मिळालेल्या इंग्रजी कादंबरीकार जीन रीस (१८९०–१९७९) यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

जीवनपरिचय

रीस यांचा जन्म वेस्ट इंडीजमधील डॉमिनिका बेटावर, रोझो येथे झाला. वडील वेल्समधून आलेले डॉक्टर होते. आईचे कुटुंब बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, ‘क्रिओल’ म्हणजे वसाहतीत जन्मलेल्या गोऱ्यांपैकी होते. आईच्या पूर्वजांचा मळा गुलामांच्या श्रमावर चालत असे. बेटावरील कृष्णवर्णीय समाजाला हे लोक परके वाटत आणि इंग्लंडमधील इंग्रज त्यांना आपले मानीत नसत. दोन्हीकडचे हे परकेपण रीस यांच्या लेखनाचा पाया आहे.

१९०७ मध्ये शिक्षणासाठी त्या इंग्लंडला आल्या. नाट्यशिक्षण अर्धवट सुटले, पुढे वडील वारले. फिरत्या संगीत नाटक मंडळ्यांतील समूहगायिकेचे काम त्यांनी पत्करले. १९१९ मध्ये विवाह झाला. पहिले अपत्य काही आठवड्यांतच दगावले. पॅरिसमध्ये पतीला तुरुंगवास झाला. याच शहरात संपादक-कादंबरीकार फोर्ड मॅडॉक्स फोर्ड यांनी त्यांचे लेखन प्रथम प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये कथासंग्रह आणि १९२८ ते १९३९ या काळात चार कादंबऱ्या आल्या. समीक्षकांनी शैलीची प्रशंसा केली. पण एकाकी, परावलंबी स्त्रियांचे ते उदास चित्रण वाचकांना रुचले नाही. ‘गुड मॉर्निंग, मिडनाइट’ १९३९ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर प्रसिद्ध झाली आणि विस्मृतीत गेली.

पुढील सत्तावीस वर्षांत त्यांची एकही कादंबरी प्रकाशित झाली नाही. दुसऱ्या पतीचे निधन, तिसऱ्या पतीला झालेला कारावास, दारिद्र्य, मद्यपान आणि शेजाऱ्यांशी झालेल्या भांडणांतून उद्‌भवलेले खटले असा हा काळ होता. त्या हयात नसाव्यात, असाच अनेकांचा समज झाला. १९४९ मध्ये अभिनेत्री सेल्मा व्हाझ डायस यांनी जाहिरात देऊन त्यांचा शोध घेतला. १९५७ मध्ये ‘गुड मॉर्निंग, मिडनाइट’चे नभोवाणी-रूपांतर बीबीसीवरून प्रसारित झाले. त्यानंतर फ्रान्सिस विंडम आणि डायना अॅथिल या प्रकाशन क्षेत्रातील जाणकारांनी नव्या कादंबरीसाठी त्यांच्यामागे चिकाटी धरली.

‘वाइड सारगासो सी’

शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’ (१८४७) या कादंबरीत रॉचेस्टरची वेडी पत्नी बर्था माळ्यावर कोंडलेली आहे. ती वेस्ट इंडीजची क्रिओल स्त्री. पण तिची बाजू कोणीही सांगत नाही. रीस यांना हे एकांगी चित्र खटकले. गुलामी संपुष्टात आल्यानंतरच्या जमैकातील आन्त्वानेत या मुलीची कथा त्यांनी रचली. तिच्याशी पैशासाठी लग्न करणारा इंग्रज तिचे नावही हिरावून घेतो आणि तिला ‘बर्था’ म्हणू लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कादंबरीचा मधला भाग रीस यांनी मुख्यतः त्या पतीच्या तोंडून सांगितला आहे. केवळ स्वतःची तक्रार मांडायची असती, तर त्यांनी असे केले नसते. ज्याने अन्याय केला त्याची भीती आणि संभ्रमही आतून दाखविल्यामुळे वैयक्तिक दुःखाला कलात्मक अंतर लाभते. मराठी वाचकाला येथे ‘मृत्युंजय’ (१९६७) आठवेल. तेथेही परिचित कथा अनेक पात्रांच्या निवेदनांतून नव्याने उभी राहते.

सुमारे नऊ वर्षे पुनर्लेखन चालले. पतीचे आजारपण आणि स्वतःला आलेला हृदयविकाराचा झटका यांतून वाट काढीत १९६६ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९६७ मध्ये तिला डब्ल्यू. एच. स्मिथ पुरस्कार मिळाला. हे सारे फार उशिरा आले, अशीच रीस यांची भावना होती.

मूल्यमापन

रीस यांचे यश म्हणजे दुःखाची भरपाई नव्हे. उपेक्षेने त्यांची उमेदीची वर्षे हिरावून घेतली. ती परत आली नाहीत. जीवनाने त्यांना विषय दिला; त्याला आकार मिळाला तो निवेदनाची योजना, काटेकोर भाषा आणि वारंवार केलेले संस्करण यांतून. शिवाय काही वाचकांनी जुनी पुस्तके विसरली नाहीत, म्हणून नवे पुस्तक शक्य झाले. चरित्र साहित्यकृतीकडे नेणारी वाट दाखविते. साहित्यकृतीचा अर्थ मात्र तिच्या संहितेतच शोधावा लागतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. रीस यांना दोन्ही समाजांत परकेपणा का जाणवला?
२. पतीच्या निवेदनामुळे कादंबरीला काय लाभ होतो, ते स्पष्ट करा.
३. आपण वाचलेल्या एका मराठी कादंबरीच्या आधारे, लेखकाचे चरित्र माहीत असल्याने आकलनात पडणारी भर आणि येणारी मर्यादा यांची चर्चा करा.