पेशी मरते कशी?

आमच्या फणसवाडीत जुनी चाळ दोन तऱ्हेने जाते. एक तर भर पावसात कोसळते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते. नाहीतर आधी वीज-पाणी तोडून, माणसं हलवून, एकेक वासा उतरवतात. पेशींचंही तसंच आहे. पहिला प्रकार म्हणजे नेक्रोसिस, दुसरा ॲपॉप्टोसिस. हे दुसरं नाव केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली दिलं.

परळला आत्याची केमोथेरपी चालू असताना तिने विचारलं, "अरे, गाठ छातीत, मग केस का गेले?" मी पडलो इलेक्ट्रॉनिक्सवाला! म्हटलं, वाचून सांगतो.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर, हे आपण शाळेत घोकलेलं. त्याच्या आतल्या पडद्यावर सुमारे १५० मिलिव्होल्ट दाब असतो. पडदा जेमतेम ५ नॅनोमीटर जाड. भागाकार करा, मीटरला ३ कोटी व्होल्ट! पेशीला मरायचा हुकूम मिळाला की बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. त्यातून सायटोक्रोम-सी बाहेर पडतं, कॅस्पेज जागे होतात आणि पेशी आतून कापून काढतात.

हे बघायचं कसं? टीएमआरएम हा चमकणारा रंग धनभारित असतो. दाब असेपर्यंत तो मायटोकॉन्ड्रियात साठतो, दाब गेला की चमक विझते. सायटोक्रोम-सीला हिरवं चमकणारं प्रथिन जोडून २००० साली दिसलं की गळती सुरू झाल्यावर साधारण ५ मिनिटांत पेशीतले सगळे मायटोकॉन्ड्रिया रिकामे होतात. पण साध्या प्रकाशाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही. ही मर्यादा ओलांडणाऱ्या सूक्ष्मदर्शनाला २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २०१६ मध्ये त्याच तंत्राने बॅक्सची कडी दिसली.

आता आत्याचा प्रश्न. केमोची बरीच औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींच्या डीएनएला इजा करतात आणि त्यांना याच वाटेने धाडतात. केसांच्या मुळातल्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून त्याही जातात. उलट काही कर्कपेशी बीसीएल-२ हे प्रथिन जास्त बनवून भोकं पडूच देत नाहीत. त्याला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स अमेरिकेत २०१६ साली एका रक्तकर्करोगासाठी मंजूर झालं.

सगळं ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे केस गेले, तर गाठही जाणार?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण केसांवरून गाठीचं काही कळत नाही, ते तपासणीतच कळतं. मी तेच सांगितलं.