पौषातली पालवी

बदलापूरला आमच्या घराच्या परसात आंब्याचे एक झाड आहे. पौष लागला की त्याच्या डहाळ्यांच्या टोकांवर मोहोराचे तुरे दिसू लागतात. एका वर्षी मात्र नवल घडले. थंडी पडलीच नाही. रात्रीसुद्धा पांघरूण घ्यावेसे वाटेना. आणि मोहोराऐवजी झाडावर तांबूस, लुसलुशीत पालवी फुटली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, झाड वांझ झाले. तोडून टाका, लाकूड तरी कामी येईल."

मी कुऱ्हाड लावू दिली नाही. का, ते सांगतो.

मुलांनो, ऊन तापले की गुरे सावली गाठतात, पाखरे पाण्यावर जातात. झाडाला पाय नाहीत. म्हणून ते आपल्या देहातील व्यवहारच बदलते. पान सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि रात्रंदिवस श्वसनात त्यातील काही खर्च करते. उष्मा वाढला की अन्ननिर्मिती एका मर्यादेपर्यंत वाढते, मग मंदावते. श्वसनाचा खर्च मात्र दर दहा अंशांमागे सुमारे दुपटीने वाढतो. आमच्याकडे, अंबरनाथ-बदलापूर भागात, उन्हाळ्यात पारा कधी चाळिशीपलीकडेही जातो. तेव्हा झाड पानांतून पाण्याची वाफ सोडून स्वतःस निववते. पाणी अपुरे पडले की पानांची सूक्ष्म रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण पान तापते, आणि पेशींतील प्रथिनांची घडी विस्कटू लागते. ती सावरण्यासाठी पेशी खास प्रथिने घडवते. त्यांच्या शोधाचा पहिला धागा १९६२ साली इटलीच्या रितोसा या संशोधकाला, झाडात नव्हे, तर चिमुकल्या फळमाशीत सापडला!

थंडीत अडचण निराळी. हिवाळ्यात सकाळी फडताळ उघडून पाहा. खोबरेल थिजलेले असते. शेजारचे शेंगदाण्याचे तेल मात्र पातळच. पेशीचे आवरणही स्निग्ध द्रव्यांचेच असते. ते घट्ट झाले तर आतबाहेरची ये-जा अडेल. म्हणून पुष्कळ वनस्पती थंडीची चाहूल लागताच सहजी न थिजणाऱ्या स्निग्ध द्रव्यांचा अंश त्यात वाढवतात.

पण झाडाला ही चाहूल लागते कशी? २०१६ साली इंग्लंड व अर्जेंटिना येथील संशोधकांनी मोहरीच्या कुळातील एका इवल्या रोपावर प्रयोग करून दाखवले, की प्रकाश ओळखणारे फायटोक्रोम हे द्रव्य उष्णताही ओळखते. उबेत ते लवकर निष्क्रिय होते आणि रोप लांबसडक वाढते.

आंब्याच्या बाबतीत मोल आहे ते थंड रात्रींचे. अशा रात्री लाभल्या की जून पानांत मोहोराचा संदेश तयार होऊन डहाळीच्या टोकाशी असलेल्या कळीपर्यंत पोहोचतो. रात्री उबदार राहिल्या तर त्याच कळीतून पालवी निघते. उल्हासनगरच्या दाट वस्तीत सिमेंट आणि पत्रे दिवसाची ऊब रात्रीही धरून ठेवतात. तेथील झाडाला अशी रात्र भेटणे अधिकच अवघड. आमचे झाड वांझ नव्हते. मोहोराचा निरोपच त्याला मिळाला नव्हता.

पुढल्या मार्गशीर्षात कडाक्याची थंडी पडली. पहाटे उल्हास नदीवर धुके दाटू लागले. आदल्या वर्षीची ती तांबूस पालवी आता जून, गर्द हिरवी झाली होती. तिच्याच टोकांवर तुरे आले. शेजारी कुंपणापाशी आले, एक फांदी खाली ओढून त्यांनी मोहोराचा वास घेतला आणि विचारले, "गुरुजी, कैऱ्या कधी लागतील?"