चकरीत बसतं म्हणून भरू नकोस

अगं, काल जॉगिंग ट्रॅकवर तू सहज विचारलंस, "ताई, बत्तीसच्या पिस्तुलाच्या गोळ्या माझ्या रिव्हॉल्व्हरला चालतील ना? जोरदार असतात म्हणे." आजूबाजूला माणसं होती म्हणून मी विषय बदलला. आता नीट ऐक. नाही चालणार.

तुझं 'निर्भीक' कानपूरचं, २०१४ साली बायकांसाठी म्हणून काढलेलं, वजन जेमतेम अर्धा किलो. त्याला लागतं 'एस अँड डब्ल्यू लाँग' काडतूस. 'अशनी' पिस्तुलात जातं ते 'एसीपी'. बोलताना दोन्हींना बत्तीसच म्हणतात. एसीपी आखूड असतं आणि त्याच्या बुडाची कड इतकी बेताची, की बत्तीसच्या काही रिव्हॉल्व्हरांच्या चकरीत ते अलगद बसतं. घात होतो तो इथेच. अमेरिकी मानकांत लाँगच्या दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला १५,००० पौंड आहे, एसीपीची २०,५००. हा वरचा भार सोसायचा कुणी? चकरीच्या पातळ भिंतींनी, आणि नळी मोडून भरायचं हत्यार म्हणून वरच्या खिटीनं नि बिजागरीनं. पहिल्या बाराला कदाचित काहीच होणार नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते. माणूस निर्धास्त होतो, खिटी मात्र सैल होत जाते. चकरी फुटलीच, तर तुझा हात तिला लागूनच असतो गं.

डब्यावर विसंबू नकोस. एकेक काडतूस उलटं करून बुडावरचा छाप वाच. 'केएफ' म्हणजे आपला खडकीचा कारखाना. परदेशी काडतुसावर 'प्लस पी' दिसलं तर ते मुद्दाम जास्त दाबाचं असतं. नऊ एमएममध्ये ३५,०००ची मर्यादा ३८,५०० होते. 'प्लस पी प्लस'ला तर ठरलेली मर्यादाच नाही. हत्यार बनवणाऱ्यानं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं असेल तरच असलं काही भरायचं, एरवी हातही लावायचा नाही.

आणि रेंजवर एखादा बार फुसका वाटला, धक्का कमी लागला, की तिथेच थांब. तोंड लक्ष्याकडेच, बोट चापाबाहेर. गोळी नळीत अडकलेली असू शकते; तिच्यामागून दुसरी सोडलीस तर साधं काडतूसही नळी फाडेल. हत्यार रिकामं करून नळी तपासल्याशिवाय पुढचा बार नाही. चष्मा आणि कानावरचे मफ तर हवेतच.

कुणी प्रेमानं देऊ केली तरी सुटी काडतुसं घेऊ नकोस. परवानाधारक दुकानातूनच घे, पावतीसकट. रविवारी मीच येते तुझ्याकडे. डब्यातलं एकेक बुड दोघी मिळून वाचू.