लोलकाचे रंग कडांनाच का?

प्रश्न : काचेचा लोलक उन्हात धरला, की भिंतीवर मधे पांढरा डाग पडतो आणि रंग फक्त कडांना दिसतात. लोलक खराब आहे का?
– एक वाचक, नालछा (जि. धार)

उत्तर : लोलक बिचारा निर्दोष आहे, ऊनच जास्त झालंय! रुंद झोतातले रंग एकमेकांवर पडून मधे पुन्हा पांढरे होतात. खिडकीला पुठ्ठा लावा, दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवा, खोलीत अंधार करा. लोलकाची धार फटीला समांतर धरून तो हळूहळू फिरवा. पट्टा सरकेल, थबकेल, मागे वळेल. थबकेल तिथेच हात थांबवा. साध्या काचेच्या समभुज लोलकातून किरण तिथे सुमारे ३९ अंश वळतो, पण तांबड्या-जांभळ्यातला फरक जेमतेम दीड अंश. म्हणून भिंत लांब हवी. न्यूटनने १६७२मध्ये छापलेल्या प्रयोगात ती २२ फुटांवर होती. तुम्हाला दहा फूट पुरेत.