रोवण्यात थकणारं लेकरू

आई-बाबांनो,

सिकलसेल असलेल्या पोराला कामचुकार म्हणणारी माणसं गावात भेटतात, पण हा शब्द बहुतेक वेळा पहिल्यांदा घरातच निघतो. रोवणा ऐन भरात असतो, सगळे बांधीत वाकलेले असतात आणि आपलं पोरगं दुपारीच धुऱ्यावर येऊन बसतं. पऱ्ह्याची पेंढी अजून हातात, मांड्या ठणकताहेत, डोळे पिवळट. "एवढ्यात थकलास?" आपण सहज बोलून जातो. त्याला मात्र ते वर्षभर पुरतं.

त्याचा थकवा खरा आहे हो. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, एसएस पॅटर्न म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्याच्या जेमतेम १० ते २०. अंगातलं पाणी घटलं, गारठा लागला, फार दमणूक झाली की त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा सुरू होतात. एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा कामाची अडचण येत नाही. तुमच्या घरात कोणता पॅटर्न आहे, हे रिपोर्ट काढून नीट बघा.

आपल्या आरमोरीकडे बारावी झाली की पोलीस भरतीचा ध्यास. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. एसएस असलेल्या लेकराला थंडीच्या पहाटे त्या धावण्याला लावू नका, मी हात जोडून सांगते. सरावानं अंग तयार होतं, ही समजूत इथे चालत नाही. एका पहाटेची हौस दवाखान्यात भरती होण्यापर्यंत नेऊ शकते.

मग नोकरी कुठली? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, सिकलसेल त्यातला एक. पण पुष्कळ घरं इथेच फसतात: सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांच्या गटांत रक्ताचे आजार नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा मात्र ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या सिकलसेलच्या मुलांनाही आहेत. म्हणजे आपल्या लेकरांसाठी नोकरीची वाट कॉलेजातून जाते, आणि प्रमाणपत्र प्रवेशाच्या आधी हातात हवं. या आजारात खुब्याचं हाडही झिजतं. त्यामुळे चालणं अधू झालं असेल तर अस्थिव्यंगाची तपासणी वेगळी करून घ्या, त्या गटाला नोकरीतही आरक्षण आहे.

लग्न जुळणार नाही म्हणून कागद पेटीत दडवून ठेवणारी घरं मला माहीत आहेत. भीती समजते, विशेषतः मुलीच्या आईची. पण दडवलेल्या आजाराला रजा कोण देणार? साहेबाला ठाऊक असेल तर पाण्याची बाटली जवळ ठेवता येते, दुखण्याच्या दिवशी सुट्टी मागता येते. सरकारी कार्यालयाला तर अशी वाजवी सोय करून देणं कायद्यानंच भाग आहे.

लॅब, औषधांचं दुकान, हिशेब, संगणकावरची कामं, शिक्षकी, सावलीत बसून करायचं शिवणकाम. यातलं काय जमेल ते लेकरालाच विचारा. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर गोळी कामाच्या धांदलीत चुकू देऊ नका. आणि दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज या उन्हाळ्यातच भरा, निकाल लागायच्या आत.