शेगडीची ऊब

कोकण म्हटले की समुद्र, नारळी-पोफळीच्या बागा आणि घामाच्या धारा डोळ्यांपुढे येतात. कोकणात थंडी वाजते असे सांगितले, तर देशावरचा माणूस हसेल. पण अशा माणसाने पौष महिन्यातील एक रात्र पोलादपूरच्या खोऱ्यात काढून पाहावी. हे गाव समुद्रापासून बरेच आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या काठी वसले आहे. आंबेनळी घाट चढून गेले की महाबळेश्वर लागते. तेथे कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाकाठच्या गवतावर दवाचे हिमकण होतात. खाली खोऱ्यात इतकी थंडी कधी पडत नाही. परंतु डोंगरमाथ्यावर गार झालेली हवा जड असते, ती रात्रभर उतारावरून ओघळत राहते आणि पहाटेपर्यंत नदीकाठच्या सखल भागात साचते. सूर्यही घाटाच्या उंच भिंतीआडून उशिरा वर येतो. तोवर घराबाहेर धुके आणि घरात गारठा अशी स्थिती असते.

या गारठ्यावर धडधाकट माणसांचा उपाय सोपा होता. अंगणात पालापाचोळा गोळा करून शेकोटी पेटवावी, हात शेकावेत आणि कामाला लागावे. परंतु घरात काही माणसे अशी असतात की, त्यांना अंगणात जाता येत नाही. दम्याने बेजार झालेले आजोबा, नुकतीच बाळंत झालेली लेक आणि तिच्या कुशीतील दहा दिवसांचे बाळ यांच्यासाठी ऊब घरातच आणावी लागे. ती आणण्याचे साधन म्हणजे कोळशाची शेगडी.

बाळंतिणीच्या खोलीत ही शेगडी बाजेखाली ठेवीत. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग टाकून बाळाला धुरी देत. वारा लागू नये म्हणून दार लोटून घेत, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबीत. खोलीत मंद लाल उजेड आणि ओव्याचा वास भरून राही. ज्यांनी ही ऊब घेतली त्यांना तिची आठवण गोड वाटते, आणि त्यात नवल नाही. परंतु जिने ती शेगडी सांभाळली, तिला विचारले असते तर तिने निराळेच काही सांगितले असते.

शेगडी पेटविणे हे कौशल्याचे आणि चिकाटीचे काम आहे. कोळसे फोडून सारखे करावयाचे, तळाशी काटक्या किंवा रॉकेलात भिजविलेली चिंधी ठेवावयाची, वर कोळसे रचावयाचे आणि पुठ्ठ्याने किंवा विंझण्याने वारा घालीत बसावयाचे. प्रारंभी धूर होतो, म्हणून हे सारे अंगणात, त्याच थंडीत करावे लागे. कोळसा दमट असला तर तडतडे आणि ठिणगी लुगड्यावर उडे. चांगला पेटलेला निखारा तरी किती वेळ टिकतो? तास-दोन तासांत त्यावर राखेची साय येते, ऊब कमी होते आणि बाळ कुरकुरू लागते. मग आजीने पुन्हा उठावे, राख झाडावी, नवे कोळसे घालावेत. एका रात्रीतून असे तीन-चार वेळा, आणि अशा रात्री सव्वा महिना. हात काळे, नखांत काजळी, डोळे चुरचुरलेले. घरातील इतर माणसे ‘आज खोली छान उबदार आहे’ असे म्हणून कूस बदलीत. ती कोणाच्या जागरणावर उबदार झाली, हे त्यांच्या ध्यानातही येत नसे.

हा कोळसा खाणीतला नव्हे. खाणीत सापडतो तो दगडी कोळसा; शेगडीत जळतो तो लाकडाचा, म्हणजे लोणारी कोळसा. तो कसा तयार होतो हे पाहिले की आजीच्या जागरणाच्या मागे आणखी एक जागरण दिसू लागते.

पावसाळा सरून दिवाळी झाली की रायगड जिल्ह्याच्या डोंगरांत कोळशाच्या भट्ट्या लागत. तोडलेल्या झाडांचे ओंडके एकमेकांना चिकटून रचीत. त्या ढिगावर पाला पसरून वर मातीचा जाड थर लिंपीत आणि धूर जाण्यापुरती भोके ठेवीत. मग आत विस्तव सोडीत. लाकूड उघड्यावर पेटविले तर जळून त्याची राख होते. पण हवा तुटपुंजी मिळाली तर त्यातील पाणी आणि इतर वायू निघून जातात व मागे कोळसा उरतो. सारी विद्या एवढीच आहे. मात्र ती सांभाळणे फार अवघड. भट्टी कित्येक दिवस धुमसते. आरंभी दाट पांढरा धूर निघतो, कारण लाकडातील पाण्याची वाफ होत असते. पुढे धूर विरळ आणि निळसर झाला की जाणता माणूस ओळखतो की, लाकूड पिकत आले. मातीच्या थराला रात्री-अपरात्री कोठे तडा गेला, तर तो तत्काळ बुजवावा लागतो. डोळा लागला आणि तडा तसाच राहिला, तर हवा आत शिरते, भट्टी भडकते आणि आठवड्याच्या श्रमांची राख होते.

या भट्ट्यांवर राबणारे बहुतेक लोक कातकरी होते. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा जुना व्यवसाय. त्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले. इंग्रजी अमलात जंगलांवर निर्बंध आले, खैर तोडण्यास मनाई झाली आणि कात काढणाऱ्या हातांना दुसऱ्याच्या भट्टीवर कोळसा पाडण्याची वेळ आली. पावसाळ्यात घरात दाणा नसे, तेव्हा ठेकेदार आगाऊ उचल देई आणि ती फेडण्यासाठी सारे कुटुंब हिवाळाभर रानात जाऊन राही. मुलेही बरोबर जात. त्यांची शाळा तेथेच सुटे. अशा उचलीच्या बंधनातून माणसाला वेठीस धरणे 1976 च्या बंधबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा ठरले. तथापि कायदा झाला म्हणून पोटाची निकड संपली नाही, आणि स्थलांतर पुढेही चालू राहिले. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमातींना केंद्र शासनाने विशेष दुर्बल आदिवासी गटांत धरले आहे.

एक किलो कोळसा पाडण्यासाठी मातीच्या भट्टीत सुमारे पाच किलो लाकूड खर्ची पडते. कोळशाची आंच लाकडाच्या साधारण दुप्पट असते, हे खरे. तरी हिशेब केला तर लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीतच, रानाच्या वाऱ्यावर उधळली जाते. शेगडीशेजारी ठेवलेले कोळशाचे पोते म्हणजे अशा कित्येक पोती लाकडाची उरलेली शिल्लक होय.

एवढे मोल देऊन घरात आणलेली ही ऊब निर्धोक तरी होती काय? तीही नव्हती. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही म्हणजे त्यापासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. चुलीचा धूर डोळ्यांत पाणी आणून माणसाला बाहेर तरी पिटाळतो. हा वायू काहीच सुचवीत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन श्वासातला प्राणवायू शरीरभर पोहोचवीत असते. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. मग डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसाला तर तेवढेही कळत नाही. उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृत आढळल्याच्या बातम्या आजही हिवाळ्यात येतात. गंमत अशी की, हाच वायू इंजिनात जळतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा मोटारींना कोळशाच्या टाक्या बसवून त्यांतून निघणाऱ्या वायूवर त्या चालविल्या जात. त्या वायूतील एक मुख्य ज्वलनशील घटक तो हाच.

मग पोलादपूरच्या खोऱ्यात बाजेखाली शेगडी ठेवून एवढी बाळे वाढली कशी? याचे श्रेय बऱ्याच अंशी छपराला द्यावे लागेल. जुने घर कौलारू असे. दारे-खिडक्या कितीही बंद केल्या, तरी तापलेली हवा वर चढून कौलांच्या फटींतून निसटे आणि दाराखालून ताजी हवा आत येई. ज्या फटींतून थंडी येते म्हणून घरातली माणसे कुरकुरत, त्याच फटी त्यांचे प्राण राखीत होत्या. तरीही ‘शेगडी लागली’, ‘कोंडल्यासारखे झाले’ असे म्हणून एखादी बाळंतीण घामाघूम होई, तेव्हा जाणती आजी प्रथम दार उघडी. तिला वायूचे नाव ठाऊक नव्हते. उपाय मात्र नेमका ठाऊक होता. पुढे घरांवर सिमेंटच्या गच्च्या आल्या, खिडक्यांना काचा बसल्या, आणि वर जाणाऱ्या हवेची वाट बंद झाली. अशा खोलीत तीच शेगडी ठेवणे हे प्राणाशी गाठ घालण्यासारखे आहे. आता डॉक्टर बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी दोन्ही नकोत असेच सांगतात.

कोळशाच्या उबेला कंटाळले ते केवळ सह्याद्रीच्या कुशीतले लोक नव्हेत. लंडन शहरात घरोघरी भिंतीतल्या शेगड्यांत दगडी कोळसा जळत असे. 1952 च्या डिसेंबरात, 5 तारखेपासून 9 तारखेपर्यंत, वारा पडला आणि लक्षावधी धुराड्यांचा धूर धुक्यात मिसळून शहरावर बसून राहिला. भर दिवसा समोरचा माणूस दिसेना. त्या धुरामुळे सुमारे 4,000 माणसे दगावली असे तेव्हा मानले गेले. पुढील संशोधकांनी हा आकडा 12,000 पर्यंत नेला. 1956 साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि शहरांच्या ठरावीक भागांत घरगुती धुरावर बंदी आली. तेथे एका शहराचा श्वास एकदम कोंडला, म्हणून कायदा झाला. डोंगरातल्या घरात तो एकेकीचा, निरनिराळ्या रात्री कोंडत होता. त्याची नोंद कोठे व्हावी?

आपल्याकडे बदल हळूहळू आला. रॉकेलच्या स्टोव्हने कोळशाच्या शेगडीचे निम्मे काम उचलले. 1955 साली मुंबईत स्वयंपाकाचा गॅस मिळू लागला. पण तो शहरातून खेड्यांत पोहोचण्यास कित्येक दशके लागली. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसची जोडणी मिळू लागली. विशेष असे की, या नव्या साधनालाही लोकांनी ‘शेगडी’ हेच नाव दिले. तिला कोळसा नको, वारा घालणे नको, राख झाडणे नको.

तथापि या नव्या शेगडीने एक काम केले नाही. जुन्या चुलीवर भाकरी भाजली जाई आणि तिच्याच आहारावर घरही तापे. गॅसवर भाकरी होते, आणि बटण फिरविले की आच तत्क्षणी जाते. खोली गार ती गारच. शिवाय टाकी भरून आणावयाची तर रोख पैसे मोजावे लागतात, आणि काटक्या रानात पडलेल्या असतात. म्हणून ज्या घरात ओट्यावर गॅस आहे, त्याच घराच्या मागील पडवीत लाकडाची चूलही दिसते. कोळशाची लोखंडी शेगडी माळ्यावर कधीच गेली. तिची जाळी गंजली. पौषातल्या पहाटे न्हाणीजवळच्या चुलीवर पाण्याचा हंडा चढतो, आणि आजोबा घोंगडी लपेटून, डोळ्यांत जाणारा धूर हाताने वारीत, तिच्या कडेला येऊन बसतात.